शेवटच्या बरणीतली माशी

मी सहजासहजी भारावणाऱ्यांतली नाही. माहेरी मला सगळे 'कोरडी' म्हणत. कुणी सूर्यास्त बघून उसासे टाकायला लागलं की मला चहाची आठवण होते. पण आयुष्यात एकदा मी अशी आ वासून बसले होते की हातातली पेन्सिल गडगडत पायऱ्यांवरून खाली गेली तरी कळलं नाही. आणि हे कशापुढे, तर तांदळाच्या दाण्याएवढ्या एका माशीपुढे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. नागपूरला प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी एका प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करत होते. सरांचा विषय माश्या. घरात घोंघावते ती नव्हे, तर रानातल्या, ओढ्याकाठच्या, डोळ्यांवर आल्या तर आपण नुसत्या हातानं झटकून टाकतो त्या बारीक माश्या. सरांची निवृत्ती जवळ आली होती. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेल्या माश्या ओळखण्यात घालवला होता. देशभरातून लोक त्यांच्याकडे डब्यांत भरून माश्या पाठवत, आणि सर भिंगाखाली बघून ही अमुक, ती तमुक असं कळवत. स्वतःची म्हणावी अशी एकही माशी त्यांच्या नावावर नव्हती.

आणि आता ती मिळाली होती. साधी नवी जाती नव्हे, नवी प्रजाती. हा फरक मला सरांनीच समजावला होता. जाती म्हणजे एक घर धरलं, तर प्रजाती म्हणजे सगळी भावकी. नवं घर सापडणं मोठंच, पण आजवर कुणाला माहीत नसलेली अख्खी भावकी सापडली तर शास्त्रात माणसाचं नाव राहतं. दोन वर्षांपूर्वी सर चांद्याच्या जंगलात आलापल्लीकडे गेले होते. तिथल्या एका नाल्याकाठचा कुजलेला पाला, त्यातल्या अळ्यांसकट, त्यांनी डब्यातून नागपूरला आणला. त्या अळ्यांमधून ज्या माश्या निघाल्या त्यांचे डोळे डोक्याला चिकटलेले नव्हते. डोक्याच्या दोन बाजूंना दोन दांडे, आणि दांड्यांच्या टोकाला डोळे. अशा माश्या शास्त्राला ठाऊक होत्या, पण त्यांचे दांडे चांगले लांब असतात. सरांच्या माश्यांचे मात्र आखूड, खुंटल्यासारखे. यावर सरांनी दोन वर्षं घालवली. लेख लिहून तयार होता. फक्त माशी कोशातून बाहेर येते त्या वेळची चित्रं हवी होती, आणि माझा हात चित्रकलेत बरा होता.

"एवढं एक झालं की मी मोकळा," सर म्हणायचे. ते हे इतक्यांदा म्हणायचे की मला त्याची भीती वाटायला लागली.

वडिलांनी मला जंगलात पाठवायला परवानगी दिली ती केवळ काकू बरोबर होत्या म्हणून. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. नवऱ्याला एकट्याला रानात सोडलं तर हा माणूस माश्या बघत बघत वाघाच्या अंगावर पाय देईल, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी बरोबर तांदूळ, डाळ, मसाले आणि लोणच्याच्या काचेच्या बरण्या घेतल्या. लोणचं एका मोठ्या डब्यात ओतून सरांनी त्या बरण्या पळवल्या तेव्हा चांद्याच्या स्टेशनावरच नवराबायकोचं पहिलं भांडण झालं. मायक्रोस्कोप गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर होता. मोटरीच्या प्रत्येक धक्क्याला सर माझ्याकडे बघत. मी ठीक आहे ना हे नव्हे, मायक्रोस्कोप ठीक आहे ना हे बघायला. वैनगंगा डोंग्यातून ओलांडताना तर त्यांनी डोळेच मिटून घेतले.

जंगलातल्या रेस्टहाऊसचा चौकीदार मध्यमवयीन, बोलका माणूस होता. आम्ही कशाला आलो ते ऐकून त्यानं सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, वाघ माराले आलेले लय साहेब पाह्यले म्या. सांबर माराले आलेले पाह्यले. माशी माराले आलेले तुमीच पयले."

"मारायला नाही हो, ओळखायला," सर म्हणाले.

"मंग माह्या गोठ्यात चला ना. तिथी माश्याच माश्या. एकेकीले ओळखतो मी."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. सर हसले नाहीत. माश्यांच्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे.

पहिल्याच संध्याकाळी सर मला नाल्यावर घेऊन गेले. दिवाळी होऊन गेली होती. नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं, आणि काठाची माती पावसात वाहून गेल्यामुळे झाडांची बारीक मुळं उघडी पडून पाण्यावर लोंबत होती. सरांनी मला तिथं उकिडवं बसवलं आणि म्हणाले, "हलू नकोस. आता येतील."

ऊन उतरलं तशी एक माशी येऊन मुळावर बसली. मग दुसरी. मग तर ते मूळ भरूनच गेलं. आधी मला काही विशेष दिसलं नाही. मग सरांनी भिंग हातात दिलं आणि मी बघितलं.

डोक्यातून दोन सरळ दांडे निघालेले, केसासारखे बारीक, कावडीसारखे आडवे. आणि दोन टोकांना दोन लालसर डोळे. त्या दोन डोळ्यांमधलं अंतर माशीच्या अंगापेक्षा जास्त! हे असलं ओझं घेऊन ती उडते कशी, फांद्यांत अडकत कशी नाही, हे कुणी आणि कशासाठी केलं, असे शंभर प्रश्न मनात आले आणि एकाचंही उत्तर नको वाटलं. तेवढ्यात दुसरा एक नर त्याच मुळावर उतरला. दोघं समोरासमोर आले, डोक्याला डोकं लावून थांबले. याचे डोळे त्याच्या डोळ्यांशी जोखून पाहिले. ज्याचा दांडा किंचित तोकडा निघाला तो गुपचूप उडून गेला. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. नुसतं माप.

"असं रोज होतं?" मी विचारलं.

"रोज. माणूस जन्मायच्या आधीपासून," सर म्हणाले.

हे सगळं रोज संध्याकाळी इथं होत होतं, आणि मी नागपूरला त्या वेळी भाजी निवडत होते.

त्या मुळांवर आखूड डोळ्यांचे नरही क्वचित दिसत, पण थोडे. आपली प्रजाती दुर्मीळ असणार, असा सरांनी त्याचा अर्थ लावला. लांब डोळ्यांच्या माश्या अंडी दुसरीकडे कुठे घालत असणार, या पाल्यातल्या अळ्या सगळ्या आपल्याच, असं ते धरून चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. त्याच नाल्याकाठचा कुजका पाला सरांनी आणला, अळ्यांसकट त्याचा लगदा केला आणि चमच्यानं मोजून सगळ्या बरण्यांत सारखा वाटला. तोंडाला मलमल बांधली. सर लगदा फार थोडा घालत. मागे एकदा त्यांनी भरपूर घातला होता, तेव्हा सगळ्याला बुरशी येऊन अळ्या मेल्या होत्या. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसे सर आता चिमटी-चिमटीनं घालत. बरण्या व्हरांड्यात ओळीनं मांडल्या होत्या. शेवटची बरणी स्वयंपाकघराच्या दाराशी.

दिवसा मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसे. माशी इतकी बारीक की टाचणी तिच्यातून जात नाही. मग कागदाचा त्रिकोणी तुकडा टाचणीवर लावायचा आणि त्याच्या टोकाला डिंकाच्या कणावर माशी चिकटवायची. श्वास जोरात सोडला तरी गेली उडून. पाठीवरचे काटे, पंखातल्या शिरा, मांडीवरची टोकं, एकेक बघून सांगायचं आणि सरांनी ताडून पाहायचं. नाल्यावरची लांब डोळ्यांची माशी एका बाजूला, सरांची नागपूरला निघालेली आखूड डोळ्यांची दुसऱ्या बाजूला.

"पाठीवरचे काटे?"

"सारखेच, सर."

"शिरा?"

"त्याही."

"आणि डोळे?"

"डोळे वेगळे."

"बस," सर म्हणत आणि समाधानानं मान हलवत.

मला मात्र ते काटे टोचत होते. इतकं सगळं सारखं, मग एकट्या डोळ्यांवर वेगळी भावकी काढायची? एकदा मी चाचरत विचारलं, नुसती लहान राहिलेली माशी असेल तर? सरांनी शांतपणे मापं दाखवली. नुसती लहान असती तर सगळंच प्रमाणात लहान असतं. इथं दांडा अंगाच्या मानानंसुद्धा आखूड होता. मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. खरं सांगायचं तर मला वाद जिंकायचाच नव्हता. त्या माणसाचा चेहरा बघितला की वाटे, असू दे देवा, एकदा याच्या मनासारखं होऊ दे.

इथं सरांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. सर देवळात जात नसत, सोवळंओवळं मानत नसत. पण जेवायला बसले की वडिलांनी लावलेली एक सवय त्यांना सुटली नव्हती. पानाभोवती पाणी फिरवायचं आणि भाताचे छोटे छोटे घास पानाबाहेर काढून ठेवायचे. चित्राहुती. आपण खाण्याआधी किड्यामुंगीचा वाटा. सायन्सचा माणूस हे करतो म्हणून मी त्यांना चिडवायची. ते म्हणत, "हात आपोआप जातो. मी काय करू?"

किड्यामुंगीनं तो वाटा मनावर घेतला. भाताच्या वासानं मुंग्या खोलीत आल्या. नमुन्यांच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले होते, पण सरांचं वाळत घातलेलं धोतर टेबलाला टेकलं होतं आणि मुंग्यांनी त्याचा पूल केला. आम्ही जेवून आलो तर टाचण्यांच्या दोन ओळींवर नुसते कागदाचे त्रिकोण. डिंकात एखादा पाय तेवढा उरलेला.

सर मटकन खाली बसले. काकूंनी फर्मान काढलं, "आजपासून घास जमिनीवर राहायचे नाहीत. जेवण झालं की मी उचलणार."

"बाहेर अंगणातही टाकू नकोस, मुंग्या पुन्हा येतील," सर म्हणाले.

"मी काय करायचं ते मी बघते. तुम्ही तुमच्या माश्या बघा."

त्या दिवसापासून सरांचं जेवण झालं की काकू ती शितं तळहातावर गोळा करून आत नेत. पुढं त्यांचं काय होतं, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही. मोठी कामं करणाऱ्यांना शितांची चौकशी करायला वेळ कुठं असतो!

मध्ये सरांनी एकदा तक्रार केली की शेवटच्या बरणीला फार आंबूस वास येतो.

"लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे ती," काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "तुम्हीच पळवली. आता वास सोसा."

अळ्यांचे कोश झाले. मग सरांनी मला पहाट फुटली की व्हरांड्यात बसायला सांगितलं, कारण माश्या सकाळीच बाहेर पडतात. थंडीत शाल गुंडाळून, मांडीवर पाटी आणि कागद घेऊन मी बसत असे. पहिल्या बरणीतून पहिली माशी निघाली, आखूड डोळ्यांची. दुसऱ्या बरणीतूनही तशाच. मी चित्रं काढत गेले, सर माझ्या पाठीशी उभे राहून हळूच "वा, वा" म्हणत. एका सकाळी त्यांनी काकूंना हाक मारून सांगितलं, "आली बरं का, आपली आली." जणू घरात नातवंड जन्मलं होतं.

दोनएक सकाळी अशा गेल्यावर एके दिवशी सरांना जरा पडसं होतं, म्हणून ते आत होते. शेवटच्या बरणीतला एक कोश हलला.

कोशाचं टोपण आतून ढकललं गेलं. ओलसर, फिकट, सुरकुतलेलं काहीतरी बाहेर आलं आणि मलमलीला धरून वर चढलं. पंख घडीतच होते. डोक्याच्या दोन बाजूंना दोन मऊ, दुमडलेल्या गाठी. नेहमीसारखीच, असं मनाशी म्हणून मी पेन्सिल टेकवली.

मग ते दांडे वाढायला लागले.

बाकीच्यांचेही वाढत, पण थोडे वाढून थांबत. हे थांबेनात. माशी तोंडानं हवा गिळत होती, आणि प्रत्येक घोटाबरोबर डोळे डोक्यापासून दूर, आणखी दूर सरकत होते. मी रेघ काढावी तोवर रेघ खोटी पडे. आधी दांडे वाकडे होते, मग सरळ झाले, मग ताठ झाले. ती आपले पुढचे पाय दांड्यांवरून फिरवत होती, आपण नवा सदरा घालून बाह्या सारख्या करतो तशी. आणि डोळे जातच होते. अंगापेक्षा लांब गेले तेव्हा पेन्सिल माझ्या हातातून सुटली. मी काही मोठी देवभक्त नाही, पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले. कुणापुढे, ते ठाऊक नव्हतं. हवा गिळून कुणी स्वतःचे डोळे असे जगात पाठवतं, आणि त्याला कुणी शिकवलेलं नसतं!

चौकीदार पाणी घेऊन आला होता, तो माझ्यामागे वाकला.

"अबब! बाई, याचे डोळे तं वाढूनच राह्यले!" तो म्हणाला आणि बादली खाली ठेवून तिथंच बसला.

मग मला कळलं की मी काय बघते आहे. या बरणीतून लांब डोळ्यांची माशी यायला नको होती. लगदा एकच होता. सरांनीच वाटला होता.

हाक मारावी की नाही, ते मला ठरवता येईना. पण तोवर चौकीदाराच्या आवाजानं सर बाहेर आलेच होते. मफलर गळ्याला, भिंग हातात. ते बरणीपाशी गुडघे टेकून बसले. त्या वेळी दुसरा कोश उघडत होता. सरांनी ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. दांडे ताठ झाले तेव्हा सरांच्या तोंडून "अहाहा" असं निघालं, आणि त्याच श्वासात त्यांचा चेहरा बदलला. एका माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद आणि इतकं नुकसान एकदम मी पुन्हा कधी बघितलं नाही.

त्यांनी बरणी जवळ घेतली, मलमल सोडून वास घेतला, काडीनं लगदा उकरला. त्यात आंबून गेलेली पांढरी शितं होती.

"ऐकतेस का?" त्यांनी आत हाक मारली. "या बरणीत काय घातलंस?"

काकू हात पुसत आल्या. "मी काय घालणार? तुम्हीच काढलेले घास."

"चित्राहुती?"

"मग काय केरात टाकू? जिवांच्या नावानं काढलेलं अन्न. जमिनीवर ठेवायचं नाही, बाहेर टाकायचं नाही. ही बरणी हाताशी होती, आत जीव होते. तुम्ही त्यांना चिमटीभर पाला घालून ठेवलेला. माझ्या घरात इतके उपाशी जीव कधी राहिले नव्हते." मग सरांचा चेहरा बघून त्या घाबरल्या. "काही बिघडलं का हो?"

"नाही," सर म्हणाले. "काही बिघडलं नाही."

ते उठून एकटेच नाल्याकडे गेले. काकू पुन्हा पुन्हा मला विचारत राहिल्या आणि मी त्यांना कसंबसं सांगितलं. वेगळी भावकी नव्हतीच. ज्यांना लहानपणी पोटभर मिळालं त्यांचे डोळे लांब गेले. ज्यांना नाही मिळालं त्यांचं शरीर आधी जगण्यापुरतं वाढलं, आणि काटकसर डोळ्यांनी सोसली. नागपूरच्या डब्यातही चिमटीभरच पाला होता. दोन वर्षांचा लेख, सरांचं नाव, निवृत्तीआधीचं ते 'एवढं एक', सगळं मूठभर भातानं पुसलं होतं, आणि तो भात रोज त्यांच्याच हातानं पानाबाहेर काढलेला होता. सांगता सांगता मला रडू कोसळलं. कोरडीला! काकू मात्र रडल्या नाहीत. त्या आत जाऊन चुलीपुढे बसल्या आणि भाताला आधण ठेवलं.

ऊन चढल्यावर सर परत आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. माझ्याजवळ थांबून ते एवढंच म्हणाले, "उपाशी राहिलेल्या पोरांना मी वेगळ्या भावकीत काढत होतो गं." आवाजात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, "चित्र काढलंस का? डोळे वाढतानाचं?"

"नाही काढता आलं, सर. पेन्सिल पडली."

"मलाही काढता आलं नसतं," ते म्हणाले.

दुपारी पानं वाढली. सर बसले, पाणी फिरवलं, घास काढायला हात आपोआप गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी पानातला भात मुठीत घेतला आणि उठले.

"अहो, पानावरून उठू नये," काकू म्हणाल्या.

"यांचं आधी," सर म्हणाले.

व्हरांड्यात अजून काही बरण्यांत अळ्या होत्या, कोश न झालेल्या. सरांनी पहिल्या बरणीपासून सुरुवात केली. प्रत्येकीची मलमल सोडायची, आत भात कुस्करून घालायचा, पुन्हा बांधायची. एकही बरणी सोडली नाही. मुठीतला भात मध्येच संपला, तेव्हा काकू भाताचं पातेलंच घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.